कानांची परीक्षा

आमच्या आजोबांचे गुलमंडीवर कापडाचे दुकान होते. मी शाळकरी असताना, म्हणजे १९६० च्या दशकात, लग्नाच्या बस्त्यासाठी आलेला एखादा शेतकरी कमरेच्या कसातून जुने चांदीचे रुपये काढून गादीवर ठेवीत असे. ते नाणे चलनातून केव्हाच गेले होते. परंतु त्यातील चांदीला मोल होते. आजोबा एकेक रुपया अंगठ्याच्या नखावर उडवीत आणि ओट्याच्या शहाबादी फरशीवर पडू देत. नजर गिऱ्हाइकाकडे, बोलणे पाऊसपाण्याचे. कान मात्र फरशीकडे. रुपया खणखणला की तो उजवीकडे जाई. बद्द वाजला की डावीकडे.

निजामाच्या राजवटीत त्यांनी दुकानदारी शिकली असल्यामुळे निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार रुपया हे दोन्ही त्यांच्या हातून गेले होते. जुन्या कलदाराचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० मध्ये सरकारने चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. हे आकडे मी पुढे वाणिज्य शाखेत शिकलो. आजोबांना ते ठाऊक नव्हते. पण त्यांच्या कानाला निम्म्या चांदीचा रुपया लगेच कळत असे. मी एकदा विचारले, "आजोबा, तुम्हाला कसे कळते?" ते म्हणाले, "ऐक. शंभर वेळा ऐक. मग मलाच सांगशील."

हा प्रसंग मी जवळजवळ विसरलो होतो. माझ्या नातीच्या संगीत परीक्षेने तो पुन्हा समोर आणला, आणि तोही माझ्या चुकीच्या निमित्ताने. आपल्या अनेक घरांतील मुले-मुली सध्या गायनवादनाच्या परीक्षांना बसत असतात. त्यांच्या पालकांच्या व आजी-आजोबांच्या उपयोगी पडेल, म्हणून ती चूक आणि तिच्यातून लाभलेला धडा येथे मांडत आहे.

तक्ता तयार, कान कोरे

महाराष्ट्रात संगीताच्या परीक्षा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा येतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद, अलंकार अशा त्या पायऱ्या. पहिल्या दोन पायऱ्यांवर सारे काही परीक्षकांसमोर तोंडी आणि प्रात्यक्षिक असते. लेखी उत्तरपत्रिका त्यानंतर सुरू होते. शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावीच्या निकालात वाढीव गुण देण्याची तरतूद राज्य शासनाने केल्यापासून गायनवर्गांतील गर्दी वाढली आहे, हे कोणीही मान्य करील.

माझी नात प्रारंभिक परीक्षा चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाली, तेव्हा पुढच्या परीक्षेच्या तयारीची जबाबदारी मी आपणहून घेतली. गाणे शिकवण्यास तिच्या बाई समर्थ होत्या. राहिले ते "शास्त्र". पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला तक्ता करण्याचा मोह आवरत नाही. मी मोठ्या कागदावर रकाने आखले: रागाचे नाव, थाट, जाती, आरोह, अवरोह, वादी, संवादी, गानसमय. एकेक रकाना सुंदर अक्षरात भरला आणि रोज संध्याकाळी पाढ्यांसारखा तिच्याकडून म्हणवून घेतला. भूप? थाट कल्याण, जाती औडव-औडव, वर्ज्य मध्यम आणि निषाद, वादी गंधार, संवादी धैवत, समय रात्रीचा पहिला प्रहर. एका श्वासात म्हणे. मी समाधानाने मान डोलवी.

परीक्षेच्या दिवशी बंदिशी नीट गायल्या गेल्या. तक्त्यातील प्रश्नांची उत्तरेही तिने दिली. त्यानंतर परीक्षकांनी पेटीवर चार-सहा स्वर वाजवले आणि राग कोणता असे विचारले. नात गप्प. त्यांनी दुसरा राग आकारात गुणगुणला. नातीने अंदाजाने "काफी" म्हटले. तो देस होता. तिसऱ्या वेळी तिने विचार न करताच पुन्हा "काफी" म्हटले.

ती उत्तीर्ण झाली. परंतु ऐकून ओळखण्याचा एकही प्रश्न तिला सुटला नव्हता आणि ते तिला पक्के ठाऊक होते. रिक्षातून येताना ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर भिंतीवरचा तक्ता तिने काढून माझ्या हातात दिला. "आजोबा, ह्याच्यात आवाज नव्हता," एवढेच म्हणाली. त्यानंतर आठ दिवस ती गायनवर्गाला गेली नाही. मुलाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, दुकानातून आल्यावर विषय काढला, "तिला आवडत नसेल तर राहू द्या. थोड्या गुणांसाठी एवढा त्रास कशाला? तो वेळ गणिताला देता येईल." माझ्याजवळ उत्तर नव्हते. आवडत नव्हते असे नाही. आवड होती, ती मीच कागदावर आखून चेपली होती.

तक्ता आधी की कान आधी?

अपराधी मनाने मी थोडे वाचन केले. ज्या थाटपद्धतीवर माझा तक्ता उभा होता, ती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची देणगी. जन्म १८६०, मृत्यू १९३६. व्यवसायाने वकील. हिंदुस्थानी संगीतातील असंख्य रागांची त्यांनी दहा थाटांत वर्गवारी केली आणि "क्रमिक पुस्तक मालिके"च्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापून ठेवल्या. व्यापारी भाषेत बोलायचे तर विखुरलेल्या व्यवहारांची त्यांनी खतावणी केली. परंतु ही खतावणी करण्यापूर्वी भातखंड्यांनी देशभर प्रवास केला, घराण्या-घराण्यांच्या गवयांना ऐकले, बंदिशी मिळवल्या, एकच राग दोन ठिकाणी कसा वेगळा गायला जातो हे कानांनी पडताळले. आधी ऐकणे, मग लिहिणे. मी नातीला नेमके उलट्या दिशेने नेले होते: मूळ पावत्या न दाखवता एकदम ताळेबंद पाठ करायला लावला होता.

दुसरे नाव पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे. १८७२ मध्ये कुरुंदवाड येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. पुस्तकी शिक्षणाचा मार्ग खुंटला आणि मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकू लागले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजेरजवाड्यांच्या आश्रयाखालची विद्या फी भरून येणाऱ्या सामान्य घरच्या मुलांना मिळू लागली. १९३१ मध्ये पलुस्करांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळाची स्थापना केली. आज आपली मुले ज्या परीक्षांना बसतात, त्या या परंपरेतल्या. डोळे अधू झाल्यावर ज्यांनी कानांच्या बळावर विद्या मिळवली, त्यांच्या नावाने चालणाऱ्या परीक्षेची तयारी मी डोळ्यांनी वाचण्याच्या तक्त्यावर करून घेत होतो.

बँकेतला अनुभवही मला हेच सांगत होता, पण मी तो वापरला नाही. नवीन रोखपालाला आम्ही बनावट नोटांच्या खुणांचे परिपत्रक वाचायला देत असू: जलचिन्ह, उठावाची छपाई, नोट तिरपी केली की हिरव्याची निळी होणारी सुरक्षा-पट्टी. परिपत्रक वाचून कोणी रोखपाल झालेला मी पाहिला नाही. तो रोज हजारो खऱ्या नोटा मोजतो; बोटांना कापसाच्या कागदाचा पोत कळतो, कानाला त्याची करकर कळते. एखादी नोट वेगळी लागली की हात आपोआप थांबतो. परिपत्रक त्यानंतर उघडायचे असते, संशयाची खात्री करून घेण्यासाठी.

पुन्हा पहिल्यापासून

नातीच्या बाईंकडे जाऊन मी झाले ते सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी पेटी कोणत्या पट्टीत वाजवता?" मी म्हणालो, "नेहमी काळी चार." "आणि परीक्षकांनी कोणती पट्टी घेतली?" ते नातीला आठवत नव्हते, निराळी होती एवढे मात्र तिला जाणवले होते. तिथेच घोटाळा सापडला. घरी षड्ज सदैव एकाच पट्टीवर असल्यामुळे मुलीच्या मनात पट्ट्यांच्या जागा ठसल्या होत्या. स्वरांचे परस्परांतील अंतर ठसले नव्हते. आपल्या संगीतात षड्ज कोठेही ठेवता येतो आणि बाकीचे स्वर त्याच्यापासून मोजायचे असतात. आरंभीची शिल्लकच चुकली तर पुढची सारी बेरीज चुकणार.

म्हणून पहिला महिनाभर आम्ही एकाही रागाचे नाव घेतले नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचे ॲप असते. त्यावर रोज निराळी पट्टी लावायची आणि दोन मिनिटे गप्प बसायचे. मग नातीने षड्ज लावायचा. तो लागला की मी पेटीवर एक स्वर दाबायचा आणि तिने तो प्रथम गाऊन दाखवायचा, त्यानंतर नाव सांगायचे. गाऊन दाखवण्याचा आग्रह बाईंचा होता. त्यांचे म्हणणे असे, की जो स्वर गळ्यात उतरला तो कानाने पुरता घेतला. नुसते नाव सांगितले तर तो अंदाज असू शकतो. शुद्ध आणि कोमल गंधार, शुद्ध आणि तीव्र मध्यम, शुद्ध आणि कोमल निषाद या तीन जोड्यांवर अधिक वेळ दिला. रोज पंधरा मिनिटे, त्याहून अधिक नाही. कान थकतो आणि थकलेला कान चुकीची सवय लावून घेतो.

दुसऱ्या महिन्यापासून राग घेतले, तेही जोडीजोडीने. एकटा राग ऐकवून "हा कोणता?" असे विचारण्यापेक्षा दोन जवळचे राग शेजारी ठेवून "यांत वेगळे काय?" असे विचारणे फार फलदायी ठरते. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे दोन ठाण शेजारी उलगडल्याशिवाय पोताचा फरक दिसत नाही, तसेच हे. ज्यांना घरी करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी आम्ही घेतलेल्या जोड्या देतो.

भूप आणि दुर्गा. दोन्ही पाच स्वरांचे. भूपात सा रे ग प ध, दुर्गात सा रे म प ध. फरक एकाच स्वराचा: भूपात गंधार आहे तेथे दुर्गात मध्यम. नवशिक्या कानासाठी हीच पहिली जोडी असावी. भूप गंधारावर निवांत टेकतो. दुर्गात गंधाराची वाट पाहणाऱ्या कानाला मध्यम भेटतो. नातीने आपल्या शब्दांत सांगितले, "भूप घरी बसल्यासारखा वाटतो, दुर्गा गच्चीवर गेल्यासारखा." मी ते वहीत लिहून ठेवले. वादी-संवादीपेक्षा ही खूण तिच्या अधिक कामी आली.

काफी आणि खमाज. काफीत गंधार आणि निषाद दोन्ही कोमल. खमाजात गंधार शुद्ध. निषाद चढताना शुद्ध, उतरताना कोमल. येथे गंधारावरच निकाल लागतो. ज्या मुलाने पहिल्या महिन्यात दोन गंधार वेगळे ओळखले, त्याला येथे अडचण येत नाही.

खमाज आणि देस. ही जोडी अवघड, कारण दोहोंत शुद्ध गंधार आणि दोन्ही निषाद. येथे स्वरांची यादी पुरत नाही, चाल पाहावी लागते. देस चढताना गंधार आणि धैवत सोडून रिषभावरून मध्यमाकडे उडी घेतो आणि उतरताना पुन्हा पुन्हा रिषभाकडे ओढला जातो. खमाज चढताना रिषभ सोडतो आणि गंधाराभोवती रेंगाळतो. नातीने परीक्षेत देसाला काफी म्हटले होते, ते कोमल निषाद ऐकून. एका खुणेवर निर्णय दिला आणि गंधाराची चौकशीच केली नाही.

भीमपलास आणि बागेश्री. दोहोंत गंधार-निषाद कोमल. परंतु भीमपलास चढताना रिषभ-धैवत सोडतो आणि पंचमावर भक्कम पाय रोवतो. बागेश्रीत पंचमाचे काम अगदी थोडे. मध्यम आणि धैवत यांच्यामधून तिचा सारा प्रवास होतो. एक दुपारचा, दुसरा रात्रीचा. म्हणून आम्ही भीमपलास दुपारी आणि बागेश्री निजण्यापूर्वी ऐकत असू. वेळेची आठवणही कानाला मदत करते.

या साऱ्यात तीन नियम आम्ही पाळले. पहिला, रागाचे नाव शेवटी सांगायचे. आधी षड्ज कोठे, गंधार कोणता, सूर कोठे थांबला हे सांगायचे. दुसरा, ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही, पण गंधार कोमल आहे" असे म्हणायचे. अर्ध्या माहितीचे प्रामाणिक उत्तर पुऱ्या अंदाजापेक्षा बरे, कारण त्यावरून चूक कोठे होते ते कळते. तिसरा, चित्रपटगीतांच्या आधारे राग पाठ करायचे नाहीत. मुलाला तेव्हा राग ओळखू येत नाही, गाणे ओळखू येते. गाण्याची चाल बदलली की हात रिकामे. शिवाय चित्रपटगीतात रागाबाहेरचे स्वर सर्रास येतात. ओळख पटल्यावर गाणी जरूर ऐकावीत, तो आनंद वेगळा.

तालाच्या बाबतीत मुले मात्रा मोजून थकतात. त्रितालाच्या १६ मात्रा, झपतालाच्या १०, एकतालाच्या १२, रूपकाच्या ७, दादऱ्याच्या ६, केरव्याच्या ८. हे पाठ असते, पण ठेका सुरू झाला की कोठून मोजावे ते सुचत नाही. बाईंची युक्ती सोपी होती: डग्ग्याकडे कान द्या. त्रितालात नवव्या मात्रेला खाली येते आणि खालीच्या भागात डग्ग्याचा भरीव घुमारा थांबतो. तो थांबला आणि पुन्हा भरला, एवढे ऐकले तरी आवर्तन हाती लागते. झपताल दोन-तीन-दोन-तीन असा चालतो; घरात चालत चालत त्याच्यावर पावले टाकावीत. रूपकाची समच खालीवर येते, त्यामुळे त्याची सुरुवात हलकी वाटते. ही एक खूण पुष्कळ झाली.

ऐकण्याची परंपरा, आपल्या आणि परक्या घरी

ऐकून ओळखण्याची परीक्षा ही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हे. इंग्लंडमधील शाळांत जी.सी.एस.ई. परीक्षेला संगीत विषय घेणाऱ्या मुलांना वादनासाठी ३० टक्के, स्वरचनेसाठी ३० टक्के आणि ऐकून समजण्याच्या उत्तरपत्रिकेसाठी ४० टक्के गुण असतात. म्हणजे सर्वाधिक भार कानावर. लंडनच्या ए.बी.आर.एस.एम. मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षा आपल्या देशातही अनेक मुले देतात. तेथे १५० पैकी १८ गुण निव्वळ श्रवणचाचणीचे. परदेशी राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांची मुले या परीक्षांना बसतात. त्यांच्याशी बोलताना नातीला कळले, की तिची अडचण तिच्या एकटीची नाही.

आपल्या आगमपरंपरेतही ऐकण्याला मानाचे स्थान आहे. स्थानांग आणि अनुयोगद्वार या सूत्रांत सात स्वरांचे विवेचन येते. तेथे मोर षड्ज बोलतो, कोंबडा रिषभ, हंस गंधार, वसंतातील कोकिळा पंचम आणि हत्ती निषाद, असे सांगितले आहे. जीवसृष्टीकडे कान देऊन स्वर ओळखण्याची ही रीत लहान मुलांना फार आवडते. पुढे आचार्य पार्श्वदेवांनी "संगीतसमयसार" लिहिला आणि १४ व्या शतकात वाचनाचार्य सुधाकलशांनी "संगीतोपनिषत्सारोद्धार" रचला. तीर्थंकरांची देशना मालकौंस रागात होते, अशी श्वेतांबर परंपरेत श्रद्धा आहे. मालकौंस म्हणजे रिषभ-पंचम वर्ज्य, गंधार-धैवत-निषाद कोमल. मंदिरात पूजा-स्तवने आपण नित्य ऐकतो; त्यांतील जुन्या चाली पुष्कळदा रागाच्या अंगाने जातात. मुलांना शेजारी बसवून "यात गंधार कोणता?" एवढे विचारले तरी पुरे.

आपल्या शहरातही कानाला खाद्य कमी नाही. पंडित नाथराव नेरळकर यांनी येथे अनेक वर्षे विद्यादान केले. २०२१ मध्ये ते गेले, परंतु त्यांचे शिष्य-प्रशिष्य आजही शिकवत आहेत. वेरूळ-अजिंठा महोत्सवात सोनेरी महालाच्या प्रांगणात देशातील थोर कलावंतांना ऐकण्याची संधी शहराला मिळाली आहे. आकाशवाणीच्या शास्त्रीय संगीताच्या सभा तर घरबसल्या आणि विनामूल्य. मुलाला एका मैफलीला अर्धा तास नेणे म्हणजे महिनाभराच्या तक्त्याइतके काम होते, असा माझा अनुभव आहे. ज्या मिरजेत पलुस्कर शिकले, तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही सुटीत तेथे गेलो. कारागिराने नुकतीच जवारी काढलेला तंबोरा छेडला, तेव्हा नातीने डोळे मिटले. मोबाइलच्या तंबोऱ्यात आणि त्यात काय अंतर आहे, हे तिला सांगावे लागले नाही.

दुकानातले उत्तर

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून द्यायचे होते. "थोड्या गुणांसाठी एवढा त्रास कशाला?" हा प्रश्न आपल्या बहुतेक घरांत विचारला जातो आणि तो गैर नाही. व्यापारी माणसाने गुंतवणुकीचा परतावा विचारावाच. एका रविवारी मी त्याला आजोबांच्या रुपयाची गोष्ट सांगितली. आजोबांनी वाजवून घेतलेले काही रुपये आईने देव्हाऱ्यात जपून ठेवले आहेत, ते काढले. नातीला पाठमोरी बसवले आणि जुना कलदार व १९४० नंतरचा रुपया फरशीवर आळीपाळीने टाकला. पहिल्या चार-पाच वेळा ती गोंधळली. दहाव्या वेळेपासून तिची उत्तरे बरोबर येऊ लागली. मग मुलगा स्वतः पाठमोरा बसला. त्याला जमेना. नात खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला संगीताच्या संदर्भात हसताना पाहत होतो.

मुलगा त्या दिवशी एवढेच म्हणाला, "वर्ग चालू राहू द्या. गुणांचे पाहू नंतर." तेवढे मला पुरेसे होते. दुकानात तो गिऱ्हाइकाच्या आवाजावरून सौदा होणार की नाही हे ओळखतो. कान तयार असण्याचा अर्थ त्याला वेगळा समजावण्याची गरज नव्हती.

पुढच्या परीक्षेला नात बसली. परीक्षकांनी तिला चार राग ऐकवले. त्यांपैकी तीन तिने ओळखले. चौथ्याला ती म्हणाली, "नाव सांगता येत नाही. पण दोन्ही निषाद लागले आणि गंधार शुद्ध आहे." परीक्षकांनी मान डोलावली, असे ती सांगत होती. त्याचे गुण मिळाले की नाही, ते तिने विचारले नाही आणि मीही विचारले नाही.

काही दिवसांनी मंदिरात संध्याकाळच्या आरतीनंतर एक वृद्ध श्राविका जुन्या चालीचे स्तवन म्हणत होत्या. पेटी नाही, तबला नाही, पट्टी त्यांच्या गळ्याची. नात माझा हात हळूच दाबून कानाशी म्हणाली, "आजोबा, गंधार येतच नाही. दुर्गा आहे." मी ऐकू लागलो. दोन ओळी गेल्या, तिसरी गेली. मला लगेच पटेना. मग तो मध्यम आला आणि मीही ओळखला, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तक्त्याशिवाय.